सेकंडहँड भोपळा

एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका, नकाशात शोधत बसाल आणि गोष्ट राहून जाईल, भोपळ्यांचं वेड पसरलं होतं.

खायच्या भोपळ्यांचं नव्हे. खेळायच्या. नीट ऐका, पुन्हा सांगणार नाही.

वाळलेला कडू भोपळा घ्यायचा. त्याच्या पोटाला एक भोक. त्या भोकाला डोळा लावायचा. आत काजवे असायचे आणि त्यांच्या उजेडात डोंगर, दऱ्या, पूल, राक्षस असं सगळं दिसायचं. भोपळ्याचा देठ डावीकडे वळवला की आतला एक काजवा डावीकडे पळायचा. उजवीकडे वळवला की उजवीकडे. देठ दाबला की उडी. काजवा राक्षसाच्या तोंडात गेला की पुन्हा पहिल्यापासून.

बस, एवढंच. एवढ्यासाठी चांगली मोठमोठी अस्वलं जेवायला विसरायची. हसू नका. तुमच्या घरी काय चालतं ते मला माहीत आहे.

नवा भोपळा महाग होता. पोळंभर मध द्यावा लागायचा. ज्यांच्याकडे मध होता ते नवा घ्यायचे. ज्यांच्याकडे नव्हता ते गोदूमावशीकडे जायचे.

गोदूमावशी ही साळू होती. साळू म्हणजे साळिंदर, अंगावर लांब काटे असतात ती. पाणवठ्याच्या वाटेवर मोहाचं एक झाड आडवं पडलेलं होतं. त्या खोडावर मावशीचा ठेला. आपला खेळून झालेला भोपळा आणायचा, वर मावशीच्या न्याहारीपुरता एखादा कंद ठेवायचा आणि दुसरा जुना भोपळा घेऊन जायचं. इतका साधा व्यवहार होता की त्यावर भाषण करायला कोणाला जागाच नव्हती.

मावशी भोपळे नुसते देत नसे. वैद्य जसा नाडी बघतो तसं ती आधी तोंड बघायची. "तुला लांब उड्यांचा नको रे, तू चिडतोस. हा ने, यात नुसतं फिरायचंय." सशाच्या पोरांना ती राक्षसाचा भोपळा कधी देत नसे. एखादा पुलावर अडकला की त्याला शेजारी बसवून देठ कसा धरायचा ते दाखवायची.

शेजारी बसवून, असं मी म्हटलं. त्याचं मोल तुम्हाला कळायचं नाही. साळूच्या शेजारी कोणी बसत नाही. काटे टोचतात. गोदूमावशीच्या जवळ तिच्या आईनंतर कोणी बसलेलं नव्हतं. ठेला मांडल्यापासून बसू लागले होते. म्हणून तिला तो ठेला जिवापाड आवडायचा. कंद काय, रानात कुठेही उकरून मिळतात.

आता साहेबांकडे वळू. गोष्टीत साहेब आल्याशिवाय काही बिघडत नाही.

भोपळे काढायचे धनेशसाहेब. धनेश हा पक्षी. चोच एवढी मोठी की आधी चोच येते, मग थोड्या वेळाने साहेब येतात. आता 'काढायचे' म्हणजे काय? तर भोपळे कोरायचे सुतारपक्षी. आतले डोंगर रंगवायच्या मुंग्या. काजव्यांना शिस्त लावायचे बेडूक, आणि बेडूक समोर बसला की काजवे शिस्त लवकर शिकतात. सगळं तयार झालं की साहेब भोपळ्यावर आपलं एक पीस चिकटवायचे. भोपळा साहेबांचा व्हायचा.

एक दिवस साहेब पाणवठ्यावर उतरले. तिथे एक ससा भोपळ्याला डोळा लावून बसला होता. भोपळ्याच्या बुडाला अकरा ओरखडे होते.

"हे काय रे?" साहेबांनी विचारलं.

"खेळ पुरा केला की ओरखडा काढायची रीत आहे साहेब," ससा डोळा न काढता म्हणाला. "अकरा जणांनी पुरा केलाय. मुरलेला माल आहे."

"आणि मध किती जणांनी दिला?"

"मध पहिल्याने दिला की. आम्ही मावशीला कंद देतो."

त्या दिवशी साहेबांना उंबर गोड लागलं नाही. दहा पोळी मध! कोणी दिला नव्हता, कोणाकडे नव्हताच, तरी साहेबांना तो आपल्या घरातून चोरीला गेल्यासारखा वाटू लागला. न मिळालेल्या वस्तूच्या चोरीचं दुःख फार खोल असतं. मोठं झाल्याशिवाय, आणि साहेब झाल्याशिवाय, ते कळत नाही.

साहेबांनी वकिलांना बोलावलं. वकील म्हणजे तरस. तरसाला सारखं हसू येतं, तो त्याच्या जातीचाच गुण. तो मयताला गेला तरी हसतो. त्यामुळे त्याच्या मनात काय आहे ते कळत नाही, आणि वकिली उत्तम चालते.

"साहेब," तरस हसत म्हणाला, "तुम्ही भोपळा विकता हीच तुमची चूक."

"मग काय फुकट वाटू?"

"भोपळा विकूच नका. भोपळ्यात डोकावण्याची परवानगी विका. मध तेवढाच. भोपळा गिऱ्हाइकाच्या बिळात राहील, पण असेल तुमचा."

"आणि फुटला तर?"

"फुटला तर गिऱ्हाइकाचा."

साहेबांनी चोच दोनदा वाजवली. पसंत पडलं की ते तसं करत.

पुढच्या हंगामात नवे भोपळे आले. दिसायला तसेच. पण देठात एक हिरवा किडा बसवलेला. पहिल्यांदा जो डोळा लावेल त्याच्या अंगाचा वास तो किडा लक्षात ठेवायचा. त्यानंतर दुसऱ्या कोणी डोळा लावला की किडा काजवे विझवायचा आणि वर असा काही घाणेरडा वास सोडायचा की आसपासच्या चार बिळांना कळावं, इथे कोणीतरी दुसऱ्याचा भोपळा खेळतंय.

भोपळ्याबरोबर सागाची चाळीस पानं शिवून दिलेली असायची. त्यावर अटी. शेवटच्या पानावर लिहिलेलं, 'मी हे सर्व वाचलं असून मला ते मान्य आहे.' तिथे पंजा उमटवायचा. सगळ्यांनी उमटवला. वनराज सिंहांनीही उमटवला. ती चाळीस पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त वाळवीने संपवली.

हे भोपळे येणार ही बातमी आधीच फुटली होती, तेव्हा जंगलात केवढा संताप उसळला होता म्हणून सांगू! माणकोजी नावाचा एक वानर होता. तो शेंड्यावर चढून ओरडला, "हा अन्याय आहे! माझ्या भोपळ्याचं मी काय करीन ते मी ठरवीन! या जंगलात एकानेही किड्याचा भोपळा घेऊ नये!" खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. डोळे पाणावले काहींचे.

नवे भोपळे ज्या दिवशी निघाले, त्या दिवशी पहाटेपासून साहेबांच्या झाडाखाली रांग लागली. रांगेत पहिला माणकोजी होता.

"अरे, तू कालच ओरडत होतास ना?" गोदूमावशीने त्याला विचारलं. ती पाण्याला चालली होती.

"मी विरोध नोंदवायलाच आलोय मावशी," माणकोजी म्हणाला. "घेतल्याशिवाय वाईट आहे हे कसं सांगणार? शिवाय पहिल्या शंभरांना साहेबांचं खरं पीस मिळणार आहे. ते नंतर मिळत नाही."

मावशीने कपाळाला हात लावला आणि पुढे गेली.

आता मज्जा ऐका. एका रानडुकराचं लग्न ठरलं. लग्न म्हणून त्याने आयुष्यात पहिल्यांदा आंघोळ केली. घरी आला, भोपळ्याला डोळा लावला. काजवे विझले, घाण सुटली आणि मांडवातली मंडळी उठून गेली. डुक्कर साहेबांच्या झाडाखाली धावला.

"हा भोपळा माझाच आहे हो!"

"तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करा," तिथे बसलेला तरस म्हणाला.

"म्हणजे कसं?"

"पूर्वीसारखा वास आणा. पानं वाचली नाहीत का? सव्विसाव्या पानावर आहे. गिऱ्हाइकाने शक्यतो आंघोळ करू नये."

तेव्हापासून त्या जंगलातले अर्धे प्राणी आंघोळ करीनासे झाले. रंगवणाऱ्या मुंग्यांना तर साहेबांनी भोपळा विकायचंच बंद केलं, कारण अख्ख्या वारुळाचा वास एकच आणि एका भोपळ्यावर दोन लाख मुंग्या खेळायच्या. साहेबांना हे कळलं तेव्हा ते दोन दिवस झोपून होते.

आणि गोदूमावशीच्या खोडावरची गर्दी ओसरली. नवे भोपळे अदलाबदलीला येईनात. आणून काय करणार? जे जुने होते तेच फिरत राहिले. भेकराने तोच भोपळा तीनदा नेला. "शेवट पाठ झालाय मावशी, पण तुमच्याकडे आल्यासारखं होतं," असं तो म्हणाला, तेव्हा मावशीला बरंही वाटलं आणि रडूही आलं.

एवढ्यावर साहेबांचं समाधान झालं असतं तर ते साहेब कसले! एक दिवस तरस ठेल्यावर आला. काट्यांपासून सहा हात लांब उभा राहिला.

"मावशी, हा चोरबाजार बंद करायचा."

"चोरी कसली? मध देऊन घेतलेले भोपळे आहेत हे. यांत तुझा किडासुद्धा नाही."

"तेच तर," तरस हसला. "हे जुने इथे मिळतात म्हणून लोक नवे कमी घेतात. साहेबांनी वनराजांकडे अर्ज केलाय. सकाळी माळावर सभा आहे. या."

मावशी गेली. काटे चाटूनपुसून नीट बसवून गेली, कोणाला टोचू नयेत म्हणून. तिची खात्री होती की जंगल आपल्या बाजूने आहे. सगळं जंगल कधी ना कधी तिच्या शेजारी बसून गेलेलं होतं.

माळावर सगळे जमले. वनराज शिळेवर बसले होते. त्यांना साहेबांनी नऊ भोपळे भेट दिलेले होते. त्यातल्या एकालाही त्यांनी डोळा लावला नव्हता. पण एक उशाला बरा पडायचा, त्यामुळे भोपळ्यांबद्दल त्यांचं मत चांगलं होतं.

धनेशसाहेब पुढे आले. आधी चोच आली, मग ते आले.

"महाराज, मला माझ्यासाठी काही नको," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज भरून आला. "माझा जीव तुटतो तो या गरीब कारागिरांसाठी. नथू, पुढे ये."

नथू सुतारपक्षी पुढे आला. अंगाने वाळलेला, चोचीचं टोक झिजून बोथट झालेलं.

"पाहा याची दशा! गोदूबाईंनी एक जुना भोपळा दिला की याच्या तोंडचा एक घास जातो!"

सभा हळहळली. माणकोजी वानराने डोळे पुसले. काही जणांनी मावशीकडे असं पाहिलं, जणू नथूचा घास तिच्या गालात दिसतोय.

मावशी नथूकडे वळली. "नथू, साहेबांचा एक नवा भोपळा गेला की तुला काय मिळतं रे?"

नथूने साहेबांकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "दिवसाला ओंजळभर बिया मावशी."

"आणि शंभर गेले की?"

"ओंजळभरच. आमचं रोजावर असतं."

"आणि एकही गेला नाही तर?"

"मग साहेब म्हणतात, उद्या येऊ नका."

सभेत कुजबुज झाली. तरस हसत म्हणाला, "हे विषय सोडून चाललंय महाराज." पण वनराजांना इतक्यात झोप लागलेली नव्हती. ते म्हणाले, "चालू द्या."

"तू कोरलेला भोपळा कोणता?" मावशीने विचारलं.

"सात गुहा." नथूचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "त्यातली सहावी गुहा माझी. बाकीच्या इतरांनी कोरल्या. ज्याने त्याने आपापली गुहा कोरायची, दुसऱ्याची बघायची नाही, असा साहेबांचा नियम आहे."

"मग खेळलास की नाही पुरा?"

"नवा मला कुठला परवडायला! तुमच्याकडे एक जुना आहे, पण तो कायम बाहेर असतो. माझी पाळी येत नाही. माझ्या गुहेतून काजवा बाहेर पडतो, तो पुढे कुठे जातो, सातव्या गुहेत काय आहे, मला अजून माहीत नाही मावशी."

आता मात्र सभा खरोखर हळहळली. साहेब चोचीने पंख विंचरू लागले. गोदूमावशीला वाटलं, जिंकलं आपण. आणि मुलांनो, तिथे ती थांबली असती तर खरंच जिंकली असती. पण खरं बोलणाऱ्यांची एक खोड असते. त्यांना आणखी खरं बोलावंसं वाटतं.

तरस घाईने पुढे झाला. "महाराज, भावना बाजूला ठेवू. जंगलाला एक साधा नियम हवा. जी वस्तू एकाने वापरली, ती त्याच्यापुरती. ती दुसऱ्याने वापरायची नाही."

"हा नियम सगळ्यांना का?" मावशीने विचारलं.

"सगळ्यांना!" साहेब ठणकावून म्हणाले.

"बरं," मावशी म्हणाली. "साहेब, बाईसाहेब कशा आहेत?"

साहेब गोंधळले. "ठीक आहेत. अंड्यांवर बसल्या आहेत. ढोलीत."

"ढोली कोणी कोरली?"

साहेबांनी चोच दुसरीकडे वळवली. धनेशाला ढोली कोरता येत नाही. एवढी चोच असून येत नाही. हे सगळ्या जंगलाला ठाऊक असतं, पण साहेबांसमोर कोणी बोलत नाही.

"माझ्या आजोबांनी," नथू हळूच म्हणाला. "ते राहून गेले, मग साहेबांच्या वडिलांनी घेतली."

माळावर असा हशा पिकला! वनराजसुद्धा आयाळीत तोंड लपवून हसले. तरस तर हसतच होता, त्यामुळे तो कोणाच्या बाजूने हसतोय ते कळेना.

मावशीला चेव आला. तिचे काटे आनंदाने सळसळू लागले. "म्हणजे साहेबांचं घर सेकंडहँड! आणि एकट्या साहेबांचंच का? नागोबा, तुम्ही वारुळात राहता. ते वाळवीने बांधलं ना?"

नागोबा हसत होते. त्यांचं हसू जरा कमी झालं.

"कोल्हेदादा, तुमचं बीळ म्हणजे माझ्या मावसबहिणीचं जुनं घर. घुबडकाका, तुमची ढोली पोपटांची. घोरपडबाई, तुमची कपार कोणाची होती? आणि महाराज, रागावू नका, पण आपली गुहा आधीच्या वनराजांची. त्यांनी ती काही राजीखुशीने सोडली नव्हती! अहो, सगळं जंगलच जुन्या घरांत राहतंय! मग जुना भोपळा तेवढा चोरीचा कसा?"

तिने विजयाने चारी बाजूंना पाहिलं.

कोणीच हसत नव्हतं.

नागोबांनी फणा आखडून घेतला. "म्हणजे," ते हळू आवाजात म्हणाले, "वारूळ वाळवीला परत द्यायचं?"

"अहो, नाही! मी उलटंच म्हणतेय!"

पण तरस काय उगाच वकील झाला होता! "तसा मुद्दा निघू शकतो खरा," तो म्हणाला. "आमचा घरांशी काही संबंध नव्हता. पण आता गोदूबाईंनी घरांचा विषय काढलाच आहे, तर जुनं घर आणि जुना भोपळा यांना एकच न्याय लावावा लागेल."

माळावर एकदम कलकलाट झाला. कोल्ह्याची बायको रडायला लागली. "चार पिल्लं घेऊन मी कुठे जाऊ?" घुबड म्हणालं, "मला दिवसा दिसत नाही, मी नवी ढोली कुठे शोधू?" घोरपडबाई सरळ मावशीवर धावून आल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं हो, घरं काढायला? भोपळ्याचं भांडण भोपळ्यापुरतं ठेवता येत नाही?"

धनेशसाहेबांनी दोन्ही पंख वर केले. सगळे शांत झाले.

"मित्रांनो, घाबरू नका," ते मायेने म्हणाले. "मला कोणाच्या घराशी काही देणंघेणं नाही. माझी मागणी फक्त भोपळ्यापुरती आहे. सध्या."

"भोपळ्यापुरती! भोपळ्यापुरतीच!" सगळे ओरडले.

"जुने भोपळे बंद झाले, तर घरांचा विषय इथेच संपला. ठेला राहिला, तर विषयही राहिला."

वनराजांनी आपल्या गुहेची एकदा मनातल्या मनात आठवण काढली आणि म्हणाले, "ठेला बंद करावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी पंजे वर करा."

पंजे वर झाले. शेपट्या वर झाल्या. ज्यांना हातपाय नव्हते त्यांनी माना वर केल्या. शेवट पाठ झालेला भोपळा तीनदा नेणारा तो भेकर, त्याने डोळे मिटून घेतले होते, पण खूर वर होता. मावशीने एकेक बघितला. तिच्या शेजारी न बसलेला असा एकही नव्हता.

निकाल असा लागला. सूर्य मावळायच्या आत ठेला उठवावा. त्यानंतर जुना भोपळा ज्याच्या बिळात असेल त्याच्याच बिळात राहील. एकाने दुसऱ्याला तो दिला तर दोघांची घरं तपासण्यात येतील.

हे ऐकून जंगल दुःखी झालं. आणि दुःखाच्या भरात धावतच ठेल्यावर आलं.

सूर्य मावळायच्या आत, म्हणजे अजून वेळ होता ना! इतकी गर्दी त्या खोडावर कधी झाली नव्हती. "एक आठवण म्हणून नेतो मावशी." "तुमच्यासारखं कोणी होणे नाही मावशी." "आम्ही काय करणार, आमचं घराचं होतं हो." कोल्ह्याने तीन नेले. नागोबांनी एक गिळून नेला, हात नाहीत म्हणून. माणकोजी शेंड्यावर चढून म्हणाला, "हा काळा दिवस आहे!" आणि काखेत दोन भोपळे घेऊन उतरला. कंद कोणी ठेवला नाही. शेजारी कोणी बसलं नाही. घाई होती.

तासाभरात खोड रिकामं झालं.

आता त्या जंगलात प्रत्येकाच्या बिळात एक तरी जुना भोपळा आहे. त्याने तो कधीच पुरा केलेला आहे. त्याला हवा असलेला शेजाऱ्याच्या बिळात आहे, आणि शेजाऱ्याला हवा असलेला त्याच्या बिळात. दोघांनाही ते माहीत आहे. दोघंही आपापल्या दारात बसून असतात आणि हवापाण्याच्या गोष्टी करतात.

पण मी पुढे गेलो. त्या संध्याकाळी मावशी रिकाम्या खोडावर बसली होती, तेव्हा नथू सुतारपक्षी आला. साहेबांकडचं दिवसाचं काम संपवून आला होता, म्हणून उशीर झाला होता. त्याने खोडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"सात गुहा गेला?"

"गेला रे."

"बरं," नथू म्हणाला. "आज कोणी तरी परत आणेल असं वाटलं होतं." आणि तो उडायला लागला.

गोदूमावशी माळावर रडली नव्हती. गर्दीत रडली नव्हती. आता तिच्या डोळ्यांना धार लागली. "थांब," ती म्हणाली. "बस इथे. जरा या बाजूने, इकडे काटे कमी आहेत. मी तो चारदा पुरा केलाय. मी सांगते तुला सातव्या गुहेत काय आहे."

नथू बसला. मावशीने डोळे पुसले आणि सांगायला लागली. तुझ्या गुहेतून काजवा बाहेर पडतो ना, तिथून एक चिंचोळी फट आहे, असं तिने सुरू केलं, तेवढ्यात झुडपामागून हसण्याचा आवाज आला.

तरस होता. ठेला उठला की नाही ते बघायला आला होता.

"तोंडी सांगायची परवानगी घेतली आहे का?" त्याने विचारलं.

मावशीने काटे फुलवले. असे फुलवले की तरस चार पावलं मागे सरकला. "नाही घेतली," ती म्हणाली. "जा, सांग तुझ्या साहेबाला." आणि नथूकडे वळून तिने गोष्ट पुढे चालू केली.

तरस गेला नाही. तिथेच बसला. "मी पंचनाम्यासाठी ऐकतोय," तो म्हणाला. खरी गोष्ट अशी होती की नवे 'सात गुहा' आता किड्यासकट निघत होते, आणि तरसाने त्यातला एक घेतला होता. मग एकदा त्याने कुजकं सांबर खाल्लं, अंगाचा वास बदलला, आणि किड्याने त्याला पाचव्या गुहेत कोंडून टाकलं. स्वतःच लिहिलेलं सव्विसावं पान तो साहेबांना कसं दाखवणार?

मावशी सांगत होती. नथू चोच उघडी टाकून ऐकत होता. तरस हसायचा थांबला होता. मध्ये मावशी श्वास घ्यायला थांबली तेव्हा "मग?" असं विचारलं ते नथूने नाही. दुसऱ्यांदाही नाही.

सातवी गुहा संपली. नथूच्या डोळ्यांत पाणी होतं. "चांगलं केलंय," तो म्हणाला. "कोणी केलंय कोण जाणे, पण फार चांगलं केलंय."

तरसाने नाक पुसलं. अंग झटकलं. मग पुन्हा हसायला लागला आणि त्याने मावशीच्या पुढ्यात सागाचं एक पान ठेवलं. यापुढे या जंगलात कोणत्याही भोपळ्याचा शेवट कोणीही कोणालाही तोंडी सांगायचा नाही. खाली नथूचं नाव साक्षीदार म्हणून घातलेलं होतं.

आता तुम्ही विचाराल, सातव्या गुहेत काय होतं? मला माहीत आहे. पण मीसुद्धा त्याच जंगलात राहतो, आणि माझं बीळ जुनं आहे.

तात्पर्य: मुलांनो, आपलं म्हणणं खरं असलं तरी ते पुरतं सिद्ध करू नये, लोक घाबरतात. आणि ही गोष्ट तुम्ही ऐकलीत ती फक्त तुमच्यापुरती. घरी जाऊन धाकट्या भावंडांना सांगू नका. त्यांनी स्वतः यावं, आणि येताना पोळंभर मध आणावा.